दुरंगी विणीच्या काठास अनावृत पत्र

कोल्हापूर

प्रिय काठा,

स्वेटरचं कौतुक होतं ते छातीवरच्या नक्षीचं, रंगांच्या मेळाचं, फार तर गळ्याच्या घाटाचं. तुझं नाव कुणी घेत नाही. शिवण घातली की तू आत जातोस आणि दिसेनासा होतोस. तरीही आज तुला, आणि तेही सगळ्यांसमोर, लिहितेय. दोन रंगांचं स्वेटर बिघडतं ते बहुतेक वेळा तुझ्यापाशी. दोष मात्र नक्षीला मिळतो, विणणारीच्या हाताला मिळतो, आणि शेवटी दोन सुयांच्या विणकामालाच मिळतो. ‘दोन रंगांची नक्षी सपाट विणायची नसते, ती गोल सुईवरच विणायची,’ हे वाक्य अलीकडे वरचेवर कानावर येतं. ते ऐकून कितीतरी जणींनी नक्षीचा नाद सोडला आणि पट्ट्यापट्ट्यांवर समाधान मानलं. हे वाक्य मला मान्य नाही. आपल्याकडच्या लोकरीला आणि आपल्याकडच्या हातांना सपाट वीणच मानवते. अट एकच आहे: तुझ्याकडे पहिल्या ओळीपासून लक्ष हवं.

आपल्या घरांतलं विणकाम दोन सरळ सुयांवर वाढलं. बॉर्डरला बारा नंबरच्या सुया, अंगाला दहा नंबरच्या. आधी पाठ, मग पुढा, मग दोन बाह्या, आणि शेवटी शिवण. कोल्हापूरची थंडी काही कडाक्याची नाही, तरी बाळंतविडा म्हटला की टोपडं, मोजे आणि छोटं स्वेटर आलंच. या तुकड्यातुकड्यांच्या पद्धतीत फायदे पुष्कळ आहेत. एखादा भाग चुकला तर तेवढाच उसवता येतो. मापं ताडून बघता येतात. शिवणीमुळे अंगाला आधार मिळतो, खांदे ओघळत नाहीत. एका रंगात विणताना तू फारसा त्रास देत नाहीस. दुसरा रंग आला, की मात्र तुझी खरी परीक्षा सुरू होते.

त्याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. या विणीत एका ओळीत दोन रंग चालतात. निळ्याने दोन टाके विणले की पांढरा तेवढा वेळ मागून जातो. पांढऱ्याने तीन विणले की निळा मागून जातो. म्हणजे कापडाला सगळीकडे दुहेरी थर असतो: पुढे नक्षी आणि मागे आडवे धागे. आता समज, ओळीतला शेवटचा निळा टाका कडेपासून सहा टाके आत आहे. पुढचे सहा टाके पांढऱ्याने विणले, विणकाम उलटं केलं आणि परत सहा टाके पांढऱ्यानेच विणले, तर निळा कडेपर्यंत पोचलाच नाही. तो सहा टाके आतूनच वळला आणि परत गेला. मधलं कापड दुहेरी आणि कडेचं एकेरी, असं झालं. एकेरी पट्टी मऊ पडते, लाटा घेते, आणि निळा जिथे वळला तिथे फट दिसते. फट दिसली म्हणून धागा ओढला, की सगळा तुकडा आत खेचला जातो. पाठ एका मापाची आणि पुढा दुसऱ्या मापाचा होतो तो असा.

यात भर पडते आपल्या एका जुन्या सवयीची. ‘पहिला टाका न विणता उचलायचा’ हे आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. एका रंगात ते ठीक आहे, कडेला साखळी सुरेख पडते. पण उचललेला टाका दोन ओळींची उंची एकट्याने पेलतो, म्हणून तो ताणलेला असतो. त्याच्या आतच दोन धाग्यांची ये-जा सुरू झाली की तो आणखी ओढला जातो, आणि शिवण घालताना तिथे भोकं उघडी पडतात. म्हणून दोन रंगांत ही सवय सोडायला हवी.

उपाय सोपा आहे, आणि तो मी इथे सावकाश सांगते, कारण या पत्राचा जीवच त्यात आहे. नक्षीला लागणाऱ्या टाक्यांखेरीज दोन्ही कडांना एकेक टाका जास्त घालायचा. हा कडेचा टाका नक्षीत धरायचा नाही. ओळ सुरू करताना दोन्ही रंगांचे धागे एकत्र धरायचे आणि त्या एका टाक्यात दोन्ही मिळून सुलट विणायचं. सुईवर दोन फास दिसतील, त्यांना एकच टाका मानायचं. मग धागे वेगळे करायचे आणि नक्षी विणायची. दुसरा टाका झाला की दोन्ही धागे हलकेच, एकेक करून ओढायचे. पहिल्या टाक्यानंतर लगेच ओढायचे नाहीत. ओळीच्या शेवटी कडेच्या टाक्यावर पुन्हा दोन्ही धागे एकत्र आणि पुन्हा सुलट. विणकाम उलटं केल्यावर, म्हणजे उलट ओळीतही, कडेचे हे दोन टाके सुलटच विणायचे. मधले तेवढे उलट. बस्स. दोन्ही रंग प्रत्येक ओळीत कडेपर्यंत जातात, तिथे बांधले जातात आणि परत फिरतात. कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत दुहेरी राहतं.

असं विणलं की तू किती देखणा होतोस! दर दोन ओळींना एक गाठीसारखा उंचवटा येतो, पांढरा-निळा मिसळलेला. हे उंचवटे मोजता येतात. पाठीच्या काठाला मुंढ्यापर्यंत चाळीस उंचवटे असतील आणि पुढ्यालाही चाळीस, तर दोन्ही ऐंशी ओळींचे झाले. टेप लागत नाही, ताणून बघावं लागत नाही. शिवताना उंचवट्यासमोर उंचवटा ठेवायचा, कडेचा टाका आणि नक्षीचा पहिला टाका यांच्या मधला आडवा धागा सुईने उचलायचा, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. चार-पाच वेळा उचलून धागा ओढला की दोन्ही काठ आत वळतात आणि बाहेरून शिवण दिसतच नाही.

नक्षी शिवणीवरून अखंड जावी असं वाटत असेल, तर टाक्यांचा हिशेब आधीच करावा लागतो. नक्षी आठ टाक्यांनी फिरत असेल आणि पाठीला ती बारा वेळा हवी असेल, तर शहाण्णव टाके नक्षीचे आणि दोन कडेचे, असे अठ्ठ्याण्णव घालायचे. पुढ्यालाही तेवढेच. कडेचे टाके शिवणीत गेले की पाठीचा शेवटचा टाका आणि पुढ्याचा पहिला टाका शेजारी-शेजारी येतात, नक्षी न थांबता पुढे जाते. समोरून उघडणाऱ्या जाकिटात एका पुढ्यावर बटणपट्टीकडे एक टाका जास्त लागतो, म्हणजे नक्षी दोन्हीकडे एकाच टाक्यावर थांबते. ही एका टाक्याची बेरीज आधी केली नाही, तर बटणं लावल्यावर फूल मधोमध न येता बाजूला सरकलेलं दिसतं.

आता उलट ओळीविषयी, कारण सपाट विणीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे. उलट ओळीत नक्षी पलीकडे जाते आणि आडवे धागे आपल्या डोळ्यांसमोर येतात. सुलट ओळीत ग्राफ उजवीकडून डावीकडे वाचायचा, उलट ओळीत डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला हे जड जातं, मान्य आहे. पण म्हणून ते अशक्य नाही. पेरू देशात तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर पुरुष टोप्या विणतात, आणि ते नक्षीकाम उलट बाजू स्वतःकडे ठेवून, धागा मानेमागून घेऊन विणतात. त्यांच्या या वस्त्रकलेचा गौरव युनेस्कोने 2005 मध्ये केला. सगळी नक्षी उलट टाक्यांनी विणणारे लोक जगात आहेत, मग आपल्याला एकाआड एक ओळ उलट विणायला काय हरकत आहे?

उलट ओळ सैल पडते, ही अडचण खरी आहे. सुलट टाक्याला हात घट्ट आणि उलट टाक्याला ढिला, असं बहुतेकींचं असतं. एका रंगात ते खपून जातं, दोन रंगांत आडव्या रेघा दिसतात. इथे आपल्या दोन सुट्या सुयाच कामाला येतात. एक सुई दहा नंबरची घ्यायची, दुसरी अकराची, आणि उलट ओळ विणताना अकरा नंबरची बारीक सुई उजव्या हातात येईल असं बघायचं. टाक्याचं माप उजव्या हातातली सुई ठरवते, त्यामुळे उलट ओळ आपोआप आवळून येते. दोन टोकं एकाच तारेने जोडलेल्या गोल सुईवर हे इतक्या सहज जमत नाही.

दुसरी गोष्ट धाग्यांच्या क्रमाची. नक्षीचा रंग नेहमी खालून आणि जमिनीचा रंग नेहमी वरून न्यायचा. सुलट ओळीतही आणि उलट ओळीतही. खालून येणाऱ्या रंगाचे टाके किंचित मोठे, उठावदार दिसतात. मध्येच क्रम बदलला, तर तीच फुलं एका ओळीत ठळक आणि पुढच्या ओळीत फिकी होतात. तिसरी गोष्ट आडव्या धाग्यांच्या लांबीची. पाच टाक्यांपेक्षा लांब धागा मोकळा सोडायचा नाही. मध्ये एकदा दुसऱ्या धाग्याखाली अडकवून घ्यायचा. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी नीट पसरायचे, म्हणजे मागचा धागा आखडत नाही. बाळाच्या स्वेटरला तर ही लांबी आणखी कमी हवी. बाहीत हात घालताना इवलीशी बोटं या धाग्यांत अडकतात, आणि बाळ का रडतंय ते कुणाला चटकन कळत नाही.

‘गोलच विणा’ हा आग्रह आला कुठून, तेही सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मध्ये फेअर आयल नावाचं छोटं बेट आहे. ही दुरंगी वीण जगभर त्याच नावाने ओळखली जाते. तिथे स्वेटर नळीसारखं गोल विणतात, मुंढ्यापाशी आणि गळ्यापाशी जास्तीचे टाके घालून तसंच वर नेतात, आणि शेवटी त्या टाक्यांवरून सरळ कात्री चालवतात. हे धाडस तिथे चालतं, कारण शेटलंडच्या मेंढीची लोकर चिवट आणि केसाळ. धागे एकमेकांना धरून राहतात, कापलेला टाका लगेच निसटत नाही.

या विणीला जगाच्या बाजारात आणणाऱ्या माणसाचा आपल्या कोल्हापूरशीही संबंध आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्लंडचा युवराज एडवर्ड 1921 मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन त्याच्या हस्ते 19 नोव्हेंबर 1921 रोजी पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवून घेतली. पुढच्या वर्षी, 1922 मध्ये, हाच युवराज सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ क्लबचा कप्तान झाला आणि तिथे फेअर आयलचं स्वेटर घालून मैदानात उतरला. त्याच्यामुळे ते स्वेटर फॅशनमध्ये आलं, आणि बेटावरच्या बायकांच्या विणीला मागणी वाढली. वीण जगभर पोचली, तिच्याबरोबर गोल विणण्याची आणि कात्रीने कापण्याची रीतही पोचली. लोकर मात्र प्रत्येक ठिकाणची वेगळी राहिली.

कोल्हापुरात दुकानात जी लोकर मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. ती गुळगुळीत आहे, धुतली तरी तिचे धागे एकमेकांना धरत नाहीत. तिच्यावर कात्री चालवली तर टाके सरसर सुटत जातील. आधी मशीनची शिलाई मारल्याशिवाय तो विचारही करू नये. खरी लोकर आपल्या जिल्ह्यात नाही असं नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जा, धनगरांच्या खांद्यावर घोंगडी दिसतील. पण दख्खनी मेंढीची ती लोकर भरड आहे. ती माग, खळ आणि घोंगडं यांच्यासाठी घडलेली आहे. बाळाच्या अंगाला लागणाऱ्या स्वेटरसाठी नाही. म्हणजे आपल्या हाती आहे ती गुळगुळीत लोकर आणि दोन सरळ सुया. या दोन्हींना मानवणारी रीत सपाट विणीची. जिथे कापायचंच नाही तिथे कात्रीची भीती कशाला? आपण काठ विणतो, कापत नाही.

आणि काठाची पारख आपल्या भागाला नवी नाही. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. मागावर राबणाऱ्याला विचारा: काठ सुटला की पूर्ण थान वाया. आमच्या आज्यांच्या अंगावरची इरकल आठव. तिच्यात अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्हींचे धागे एकमेकांच्या फासात अडकवून जोडतात, त्याला ‘तोपे तेणी’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या पैठणीत काठाचा बाणा एका धोट्याने जातो, अंगाचा दुसऱ्याने, आणि जिथे ते भेटतात तिथे धाग्यांची गुंफण करतात. दोन रंग भेटतात तिथे त्यांना एकमेकांत अडकवायचं, सुटं सोडायचं नाही, हे विणकरांनी आपल्याला कधीच शिकवून ठेवलंय. सुईवर आपण तेच करतो. फक्त जागा बदलते, ताण्या-बाण्याऐवजी कडेचा एक टाका येतो.

विणून झाल्यावरची काळजीही तुझ्याच वाट्याची. सगळे तुकडे शिवण्याआधी ओलसर करून, सपाट गादीवर मापात पसरून, टाचण्या लावून वाळू द्यावेत. काठ सरळ रेषेत टाचला की शिवण सरळ बसते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नये. उष्णतेने त्याची जान जाते, झोळ पडतो आणि तो पुन्हा कधी निघत नाही. बटणपट्टीचे टाके उचलायचे असतील तर कडेच्या टाक्याच्या आतून उचलावेत, म्हणजे दुरंगी उंचवटे मागे जातात आणि पट्टी स्वच्छ बसते. मफलरला मात्र तुझा हा मान मिळत नाही. तिथे शिवण नसते आणि उलटी बाजू उघडी पडते, म्हणून दुरंगी मफलर विणायचाच तर मागून मऊ कापडाचं अस्तर लावावं.

आपल्या देशातही दुरंगी विणीला मान मिळू लागला आहे. हिमाचलातल्या लाहौलच्या नक्षीदार मोज्यांना आणि हातमोज्यांना 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मनालीहून येणारी माणसं ते मोजे हौसेने आणतात. आपल्या घरातल्या स्वेटरला मानांकन नसेल, पण कारागिरीत ते कमी का असावं? नक्षी आपल्या मनाने काढता येते. चौकोनी वहीच्या कागदावर रांगोळीतलं गोपद्म, इरकलचा टोपपदर, पैठणीतली बुट्टी, सगळं ठिपक्याठिपक्यांत मांडता येतं. नक्षी आपली असेल आणि काठ नीट असेल, तर ते स्वेटर दुसऱ्या कुठल्या बेटाची नक्कल राहत नाही.

काठा, आता हे पत्र वाचणाऱ्यांशी दोन शब्द बोलते. ज्या बायका मुलींना विणकाम शिकवतात, त्यांना विनंती आहे: दोन रंगांची सुरुवात फुलापासून करू नका, काठापासून करा. वीस टाके घाला, दोन रंग घ्या, मधले अठरा टाके साध्या ठिपक्यांचे विणा आणि कडेचे दोन दोन्ही धाग्यांनी. वीस ओळी झाल्या की तुकडा उलटा करून दाखवा. ज्या मुलीला तो काठ सरळ जमला, तिला पुढची कुठलीही नक्षी जमेल. आणि जे हातविणीचं स्वेटर विकत घेतात, त्यांना सांगते: भाव करण्याआधी स्वेटर उलटं करा, शिवणीतला काठ बघा. तो सरळ, दुहेरी आणि उंचवट्यांनी नीट बांधलेला असेल, तर मागितलेली किंमत द्या. ती किंमत त्या बाईच्या डोळ्यांची आणि तिच्या अनेक संध्याकाळींची आहे.

दोन रंगांचं विणकाम सपाट विणता येतं, आणि चांगलं विणता येतं. कडेचा टाका दोन्ही रंगांनी विणा.

तुझी,
कोल्हापुरातली एक विणणारी